एकच प्रत म्हणजे धोका

(म्हैसूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



युनियनच्या कचेरीसाठी नवा संगणक घेण्याचा ठराव आपल्यापुढे आहे. मी मॅट्रिक शिकलेला माणूस, यंत्रातला जाणकार नाही. पण ठेच खाल्ली आहे म्हणून बोलतो.

मी पूर्वी ज्या शाखेत होतो, तिथला संगणक एका सकाळी सुरूच झाला नाही. आतली हार्ड डिस्क गेली होती. एका गँगमनच्या विधवा पत्नीच्या पेन्शनचा सगळा पत्रव्यवहार तिच्यात होता आणि दुसरी प्रत नव्हती. त्या भगिनीला पुन्हा पहिल्यापासून हेलपाटे घालावे लागले. चूक यंत्राची नव्हती, माझी होती.

दुकानदार मोठमोठे आकडे सांगेल. आपण आपला हिशेब करावा. स्कॅन केलेले पान अर्धा एमबीचे धरले, तरी १०,००० पाने ५ जीबीत मावतात. म्हणून संगणकात ५१२ जीबीचा एसएसडी पुरे. त्यात फिरणारा भाग नसतो, तो वेगाने चालतो, धक्काही सोसतो. मात्र तोही बिघडतो, आणि पुष्कळदा आधी सूचना न देता. उरलेले पैसे दोन बाहेरच्या हार्ड डिस्कवर खर्च करा. त्या स्वस्त पडतात आणि कपाटात ठेवायला बऱ्या.

दोन डिस्क कशाला, असे खजिनदार विचारतील. याच शहरातला जुना लाकडी राजवाडा १८९७ साली जळाला. नवा १९१२ साली उभा राहिला. राजवाडा पुन्हा बांधता येतो, जळालेला कागद परत येत नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हा कितीतरी फायली खाक झाल्या. म्हणून एक डिस्क कचेरीत आणि दुसरी खजिनदारांच्या घरी ठेवावी. दर महिन्याला अदलाबदल करावी.

काम झाले की डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर व्हायरस तिलाही सोडत नाही. २०२२ साली दिल्लीच्या एम्स रुग्णालयाची यंत्रणा अशाच हल्ल्याने कित्येक दिवस ठप्प झाली होती. डिस्कमध्ये सभासदांची खासगी माहिती असते, तेव्हा तिला पासवर्ड हवा. तो सचिव आणि खजिनदार दोघांकडे असावा. पदाधिकारी बदलतात, कागद राहिले पाहिजेत.

टपालातले बंधू जाणतात की पोच हाती आल्याशिवाय पत्र पोचले असे धरत नाहीत. बॅकअपचेही तसेच. तीन महिन्यांतून एकदा डिस्कवरची एखादी फाईल उघडून पाहावी. उघडली तरच प्रत आहे असे समजावे.

म्हणून माझी दुरुस्ती अशी : संगणक आणि दोन डिस्क एकाच बिलात घ्याव्यात. सभासदाच्या हक्काचा पुरावा आपल्या हवाली असतो. तो सांभाळणे हेही युनियनचेच काम आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!