आवाज दिल्याशिवाय बार नाही



गेल्या हिवाळ्यात गावाकडचा एक पुतण्या माझ्याकडे आला. मोताळा तालुक्यात, ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला त्याची चार एकर जमीन आहे. रात्रीतून रानडुकरांनी अर्धा एकर मका लोळवला होता. त्याने खिशातून मोबाइल काढला, एक जाहिरात दाखवली आणि म्हणाला, "काका, बंदुकीचा कोर्स आता मोबाइलवरच होते म्हनतात. दोन तासात सर्टिफिकेट. पैसे भरू का?"

मी त्याला म्हटलं, "बस, आधी चहा घे." त्या दिवशी त्याच्याशी जे बोललो, तेच आज तुमच्याशी बोलणार आहे.

त्याचा राग खोटा नव्हता. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात रोही, हरीण आणि रानडुक्कर यांनी शेतकऱ्याची झोप उडवली आहे. पेरणीपासून काढणीपर्यंत जागल करावी लागते. बोथ्याच्या घाटाकडे तर अस्वलाचीही धास्ती असते. अशा माणसाला बंदूक हवीशी वाटली, तर त्याला हसण्याचं कारण नाही. कायद्यानेही ही गरज मानली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर बिनआट्यांच्या नळीची दुसरी बंदूकही मंजूर करता येते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. लहान शेतकऱ्याने हे वाक्य लक्षात ठेवावं.

मात्र परवाना मिळण्याची वाट लांबची आहे. वय एकवीस पूर्ण हवं. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयात होतो आणि त्याआधी पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. शरीर आणि मन ठणठणीत असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. घरात शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१६ साली नवे शस्त्र नियम आले आणि त्यांत प्रशिक्षणाची अट आली. पुतण्याच्या मोबाइलवरची जाहिरात याच अटीवर पोट भरत होती.

आता या प्रशिक्षणात काय शिकवायचं, तेही नियमांत दिलेलं आहे. शस्त्र हाताळायचं कसं, बरोबर न्यायचं कसं, झाडायचं कसं, साफ कसं करायचं, कुलपात कसं ठेवायचं आणि कायदा काय सांगतो. यातला कायदा मोबाइलवर वाचता येईल. पण बंदूक हाताळणं आणि झाडणं पडद्यावर कसं शिकणार? पोहण्याचं पुस्तक वाचून कोणी विहिरीत उडी मारत नाही. म्हणून पुतण्याला सांगितलं, "आधी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या परवाना शाखेत जा. कोणाचं प्रमाणपत्र चालतं ते विचार. मग खिशात हात घाल."

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच पडला असं नाही. अमेरिकेत बऱ्याच मराठी मंडळींचं वास्तव्य असलेलं व्हर्जिनिया नावाचं राज्य आहे. तिथे कपड्याआड पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी घरबसल्या ऑनलाइन कोर्स चालत असे. २०२१ च्या जानेवारीपासून ती सोय बंद झाली आणि प्रशिक्षकासमोर जाणं सक्तीचं झालं. उलट त्याच देशातल्या निम्म्याहून अधिक राज्यांत आता असा परवानाच लागत नाही. एकाच देशात दोन टोकं.

आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र न्यायचं, तर ते पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. ते चारचौघांत मिरवायला मनाई आहे. वरातीत हौसेने बार काढणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बंदूक म्हणजे मिशीला पीळ, अशी समजूत असलेल्यांनी हे ऐकून ठेवावं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. रोही असो की रानडुक्कर, दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. उभ्या पिकाची नासधूस होत असेल, तर वन विभागाचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात नसताना जनावर पाडलं, तर बंदुकीचा परवाना खिशात असूनही गुन्हा दाखल होतो. म्हणून नुकसान झालं की पहिला अर्ज वन विभागाकडे, भरपाईसाठी. जंगलाला लागून गाव असेल, तर सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, तिची चौकशी करावी. आणि तारेत विजेचा चोरटा प्रवाह सोडण्याच्या वाटेला तर कधीच जाऊ नये. डुकरासाठी लावलेल्या तारेने घरातलीच माणसं गेल्याच्या बातम्या आपण विदर्भात वाचत आलो आहोत.

शेवटी माझ्या लहानपणची एक रात्र सांगतो. माझ्या वडिलांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. हरभरा घाट्यावर आला होता आणि आम्ही बापलेक जागलीला होतो. मध्यरात्री बाजूच्या तुरीत खसखस झाली. काहीतरी काळं खाली वाकून पुढे सरकत होतं. मी वडिलांच्या कानाशी लागलो, "मारा बाबा, मारा!" बंदूक भरलेली होती, तरी त्यांनी ती खांद्याला लावली नाही. त्यांनी आवाज दिला, "कोन हाय रे?"

तुरीतून उत्तर आलं, "मी हाव भाऊ. पाणी फुटलं बांधावरून."

तो आमचा शेजारी होता. रात्रीची लाइट आली म्हणून मोटार लावून पाणी वळवायला उठलेला. आजही आपल्याकडे रात्रीच्या लाइटवर ओलीत करणारे शेतकरी कमी नाहीत. प्रत्येक शिवारात अंधारात कोणीतरी वाकलेलं असतं.

वडील त्या रात्री पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी बंदुकीवरची टोपी काढून खिशात टाकली आणि शेकोटीत दोन काड्या सारल्या. माझे दात मात्र वाजत होते, आणि ते थंडीने नव्हते. पहाटे घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "आवाज दिल्याशिवाय बार नाही. जनावर असलं तर पळून जाईल. मानूस असला तर वाचंल."

हे वाक्य कोणत्याही कोर्समध्ये पहिलं शिकवावं, असं मला वाटतं. नियम पाठ होतील, प्रमाणपत्र भिंतीवर लागेल. पण अंधारात, रागात, डोळ्यांदेखत मका लोळत असताना हात आवरणं, हे जाणत्याच्या शेजारी उभं राहूनच शिकता येतं.

पुतण्याने त्या दिवशी पैसे भरले नाहीत. परवाना मागायचा की नाही, हे त्याने अजून ठरवलेलं नाही. तो त्याचा हक्क आहे आणि निर्णयही त्याचाच. मात्र नुकसानीचा अर्ज त्याने वन विभागात दिला. परवा फोनवर मी विचारलं, "जागलीला जातोस का?" तो म्हणाला, "जातो ना काका. बॅटरी घेऊन जातो. अन् आधी आवाज देतो."