बिबट्याची यादी आणि आपला ठराव

आज बचतीचा हिशेब नाही, कर्जाचे हप्ते नाहीत, बँकेच्या फॉर्मबद्दलही काही नाही. आज बिबट्याबद्दल बोलायचंय. घाबरवायला नाही हं. तो ऊसात आहे हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तुम्हीच मला सांगता.

विषय असा निघाला. मागच्या महिन्यात दोन-तीन गावांतल्या गटांनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, ग्रामसभेत कागद फिरतोय. बिबट्याला अनुसूची एकमधून काढून अनुसूची दोनमध्ये टाका, अशी मागणी आहे. सही करू का?" मी म्हटलं, आधी वाचू या, मग ठरवू. कर्जाच्या कागदावर न वाचता अंगठा उठवायचा नाही, हे आपणच एकमेकींना शिकवलं ना? मग हा कागद काय वेगळा?

तर वन्यजीव संरक्षण कायदा आहे १९७२ चा. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. पूर्वी सहा याद्या होत्या, आता चार आहेत. प्राण्यांसाठी मुख्य दोन. पहिल्या यादीत सगळ्यात कडक संरक्षण असलेले प्राणी: वाघ, बिबट्या, खवल्या मांजर, माळढोक, घोरपड. दुसऱ्या यादीतल्यांनाही संरक्षण आहेच, पण हात जरा सैल. कोणता प्राणी कोणत्या यादीत, हे केंद्र सरकार ठरवतं आणि तेही अधिसूचना काढून. राज्य फक्त मागणी करू शकतं. तशी मागणी आपल्या राज्य सरकारने केली, मुख्यमंत्री आणि वनमंत्री दोघंही त्यावर जाहीर बोलले.

का केली, हे आपल्याला कळतं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याने माणसं मारली, लेकरं मारली. लोकांनी महामार्ग अडवला. त्याच नोव्हेंबरात आपल्या जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यात आणि नगर तालुक्यातल्या खारेकर्जुन्यात तेच झालं. ज्या घरातली पाच वर्षांची पोर गेली, त्या आईसमोर जाऊन "तो दुर्मीळ प्राणी आहे" असं म्हणायची माझी छाती नाही. कोणाचीही नसावी.

आमच्या बैठकीत एक वहिनी उठून म्हणाल्या, "बिबट्या मारला तर माणसाला सात वर्षं. माणूस मारला तर बिबट्याला काय? पिंजरा आणि मटण." सगळ्या हसल्या, पण ते हसू कडू होतं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणून ते बाजूला न सारता कायदा उघडून बघू.

पहिली गोष्ट. आज पहिल्या यादीत असतानाही, माणसाच्या जिवाला धोका झालेला बिबट्या पकडायला किंवा मारायला परवानगी मिळते. ती कलम ११ मध्ये आहे. पण ती फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात आणि ते बसतात नागपूरला. पकडता येत असेल, बेशुद्ध करता येत असेल, तर मारता येत नाही. आणि कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी नाही, पिंजऱ्यात पकडणंही त्यातच येतं. म्हणून पिंजऱ्यालाही वरची परवानगी लागते, आणि वस्तीवर माणसं रात्र जागून काढत असताना फाईल फिरते. खरं दुखणं हे आहे.

दुसरी गोष्ट पुष्कळ जणींना माहीत नव्हती. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, प्रामाणिक हेतूने, बिबट्या मारला गेला तर तो गुन्हा नाही. हेही कलम ११ मध्येच लिहिलंय. अंगावर आलेल्या बिबट्याला कोयत्याने मारलं म्हणून बाईला सात वर्षं होतील ही भीती काढून टाका. मेलेला प्राणी मात्र सरकारचा. त्याला हात लावायचा नाही, वन खात्याला कळवायचं.

आता दुसऱ्या यादीत गेला तर काय बदलेल? परवानगी देण्याचे अधिकार खालच्या अधिकाऱ्याला देता येतील. हे चांगलं, मला पटतं. पण त्याबरोबर आणखी तीन दारं उघडतात आणि कागदावर त्यांचा उल्लेख नसतो.

एक म्हणजे, दुसऱ्या यादीतला प्राणी जिवालाच नव्हे, मालमत्तेला धोकादायक ठरला तरी मारायची परवानगी देता येते. शेळी नेली, वासरू नेलं, एवढंही कारण चालेल. यावर आमच्यात चांगलीच जुंपली. शेळीपालन गटाच्या बायका म्हणाल्या, चालू दे की! त्यांचं नुकसान मी बघितलंय, एकेका रात्रीत तीन-तीन शेळ्या जातात. तरी मला वाटतं, शेळीला भरपाई वेळेवर मिळाली आणि गोठ्याला जाळी मिळाली तर बंदूक कोणी मागणार नाही. दुसरं दार, केंद्र सरकार दुसऱ्या यादीतल्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी "उपद्रवी" जाहीर करू शकतं. बिहारमध्ये नीलगाय, आपण रोही म्हणतो ती, अशी जाहीर झाली आणि २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरचे बंदूकवाले आणून शेकड्यांनी मारली. उपद्रवी ठरलेल्या प्राण्याला ते संरक्षणच उरत नाही.

तिसरं दार मला सगळ्यात जास्त खुपतं, आणि त्याबद्दल गावात कोणीच बोलत नाही. ते आहे बाजाराचं.

पहिल्या यादीतल्या प्राण्याची कातडी, नखं, दात विकताना किंवा बाळगताना सापडलं तर कमीत कमी तीन वर्षं कैद, जास्तीत जास्त सात, आणि दंड किमान २५ हजार. दुसऱ्या यादीत तोच गुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते "किंवा" नीट ऐका. परवानगीशिवाय विकणं तेव्हाही गुन्हाच राहील, पण पैसेवाला दंड भरून बाहेर येऊ शकेल. म्हणजे ज्या बदलाने आपल्या लेकरांचं रक्षण व्हायचं, तोच बदल कातडी विकणाऱ्याची शिक्षा स्वस्त करतो. दोघांना एकाच गाडीत बसवायची गरज काय?

बाजार आहे का खरंच? आहे. ट्रॅफिक नावाची वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारी संस्था आहे. २००१ ते २०१० या दहा वर्षांचा हिशेब तिने २०१२ मध्ये मांडला. देशात आठवड्याला निदान चार बिबटे या व्यापारात जात होते. एका बिबट्याला नखं किती? पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. म्हणजे अठरा लॉकेटं. विहिरीत पडून किंवा गाडीखाली मेलेल्या बिबट्याची नखं गायब, अशा बातम्या आपण वाचतोच. आणि ती घेतं कोण? आपल्यातलीच माणसं. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून, पोराच्या गळ्यात रुबाब दिसावा म्हणून. २०२३ मध्ये कर्नाटकात टीव्हीवरच्या एका कार्यक्रमातल्या स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखामुळे थेट अटक झाली होती. कोणाच्या कपाटात आजोबांच्या वेळचं खरं नख असेल आणि त्याचं मालकीचं प्रमाणपत्र नसेल, तर ते विकायचं नाही आणि लग्नात मिरवायचंही नाही. बहुतेक नखं तर नकलीच असतात. पैसे मात्र खरे जातात.

मांडुळाचं तसंच. दुतोंड्या साप घरात ठेवला की पैशांचा पाऊस पडतो म्हणे. ज्याच्याकडे मांडूळ आहे तो स्वतः का विकत फिरतो मग? एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळ घरं वाचतील. गरिबाचं पोर पकडून आणतं, दोन-पाच हजारांच्या आशेने, आणि पोलिसांच्या हाती तेच लागतं. मधला दलाल कुठेच दिसत नाही.

आपल्या जिल्ह्यातली एक माहिती देते. अकोले तालुक्यात, विदर्भातलं अकोला नव्हे, आपलं प्रवरेकाठचं, डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊसपट्ट्यात कॅमेरे लावून अभ्यास केला होता. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १०० चौरस किलोमीटरमध्ये जवळपास पाच मोठे बिबटे निघाले, तेही जंगल नसलेल्या भागात. आणि त्यांच्या खाण्यात सगळ्यात जास्त काय होतं? कुत्री. शेळ्या त्यामानाने कमी. कुत्री कुठे जमतात? उकिरड्यावर, कोंबड्यांची घाण टाकतो तिथे. आपल्या कुक्कुटपालन गटांनी हे मनावर घ्यायला हवं. मेलेली कोंबडी रस्त्याकडेला भिरकावली की तिच्यामागे कुत्रं येतं आणि कुत्र्यामागे तो.

तर आमच्या ग्रामसंघात शेवटी सही कशावर झाली ते सांगते. एकमत झालं नाही, सात-आठ जणींनी मूळ कागदावरच सही केली, आणि तो त्यांचा हक्क आहे. बाकीच्यांनी वेगळा ठराव लिहिला. त्यात असं लिहिलं की माणसावर हल्ला झाल्यावर पकडायची आणि गरज पडल्यास मारायची परवानगी जिल्ह्याच्या पातळीवर आणि तातडीने मिळावी. पण कातडी आणि नखं विकणाऱ्याची तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे तशीच ठेवावी. ऊसाला पाणी द्यायला दिवसा वीज मिळावी, कारण रात्री दाऱ्यावर जाणारा माणूस आपल्याच घरातला असतो. ऊसतोड मजुरांच्या कोप्या ऊसाच्या कडेला न टाकता मोकळ्या जागेत, उजेडात टाकाव्यात आणि कारखान्याने तिथे दिवे आणि संडास द्यावेत. ही शेवटची मागणी एका तोडणीवाल्या बाईने सांगितली. पहाटे अंधारात ऊसाकडे बसायला जावं लागतं, ते कोणी मोजतच नाही, असं ती म्हणाली.

तुमच्या गावात हा विषय आला तर दोन्ही कागद मोठ्याने वाचून घ्या, मग ज्यावर पटेल त्यावर सही करा. बिबट्या दिसला, जखमी सापडला, किंवा कोणी नखं-कातडी विकायला आलं, तर वन विभागाचा १९२६ हा नंबर फुकट आहे, गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि ठराव दिल्यावर ग्रामसेवक भाऊसाहेबांकडून शिक्क्याची पोच घ्यायला विसरू नका.