पणजीचं माहेर



तुमच्या पणजीचं माहेर कोणतं?
तिचा माग काढायचा, तर सुरुवात माहेरापासून करा.

कवयित्री बहिणाबाईंचंच घ्या.
जन्म 1880चा, आसोद्याच्या महाजनांकडचा.
लग्नानंतर त्या जळगावच्या चौधरी झाल्या.
गाव बदललं. आडनावही बदललं.

तहसील कचेरीतलं जुनं कोतवाल बुक पाहा.
त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात.
बऱ्याचदा नुसतं ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं असतं.
म्हणून वडिलांच्या नावानं शोधा.

सासरच्या जमिनीचे जुने फेरफार बघा.
नवरा वारल्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलेलं असू शकतं.
जन्मभर कपाशी वेचली,
आणि सातबाऱ्यावर नाव आलं ते विधवा झाल्यावर!
वाचताना जीव तुटतो.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळींच्या वह्याही पाहा.

पण आधी माहेर.
घरातल्या आत्याबाईंना आजच विचारा,
आणि लिहून ठेवा.