निखाऱ्यावरचे झिंगे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषण मला येत नाही, पण झिंगे भाजता येतात आणि चिटणीसबाईंनी त्यावरच बोला असे सांगितले. माळकरी भगिनींनी एवढी दहा मिनिटे मला क्षमा करावी.

आपला बीड जिल्हा समुद्रापासून लांब. तरी झिंगा आपल्याला परका नाही. गेवराई-माजलगावकडच्या भगिनींना गोदेचे झिंगे ठाऊक आहेत, आणि बाजारची सुकट कोणाला माहीत नाही? कोकणात ज्याला कोळंबी म्हणतात ते मोठे झिंगे आता बर्फातून इकडेही येतात. ते नाकाने पारखून घ्यावेत. नवसागरासारखा उग्र वास आला तर फुकट दिले तरी नकोत.

सोलून, पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढा. शेपूट राहू द्या. धुतल्यावर फडक्याने कोरडे करा, कारण ओल्या अंगाला मसाला धरत नाही. अर्धा किलोला एका लिंबाचा रस, दोन चमचे आले-लसणाचा ठेचा, अर्धा चमचा हळद, चमचाभर तिखट, मीठ व दोन चमचे करडईचे तेल. आपला काळा मसाला मला जिवापाड आवडतो, पण इथे चिमूटभरही नको. झिंग्याची गोडी मरते. मुरवायचे ते फक्त अर्धा तास. रात्रभर मुरवणे हे मटणाचे शास्त्र. लिंबाच्या आंबटाने झिंगा कच्चाच आवळतो आणि भाजल्यावर रबरासारखा लागतो.

निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आला की पापडाची जाळी ठेवा. एका बाजूने दोन मिनिटे, दुसऱ्या बाजूने दोन. करडा रंग जाऊन केशरी येतो. तो रंग झिंग्यात मुळातच असतो, उष्णतेने मोकळा होतो. झिंगा अर्धचंद्रासारखा वळला की उतरवा. बांगडीसारखा गोल झाला म्हणजे फार भाजला.

आता त्यासोबत प्यायचे काय? माझा भाचा नाशिकला असतो. तो एकदा झिंग्यांबरोबर पांढऱ्या वाईनची बाटली घेऊन आला. सासूबाई उठून आत गेल्या. बाटलीने ज्यांचे संसार बसले अशा बायका या सभेतही आहेत. त्यांच्यासमोर मी वाईनचे गोडवे गाणार नाही. द्राक्षाची असली तरी ती दारूच. शंभरात बारा-तेरा भाग मद्यार्क असतो. 2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने ती मोठ्या किराणा दुकानांतून विकू देण्याचे ठरवले, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे आपल्याला आठवत असेल.

पण आमटी चाखल्याशिवाय मीठ कळत नाही. मी एक घोट घेतला. आंबट, गार, थोडी कैरीच्या वासाची. तिखट-तेलाने जडावलेली जीभ धुऊन निघाली आणि पुढचा झिंगा पहिल्यासारखा गोड लागला. तांबडी वाईन मासळीशी का घेत नाहीत तेही भाच्याने सांगितले: ती जांभळासारखी तुरट असते आणि मासळीबरोबर तोंडाला लोखंडी चव आणते. मी बाटली त्याच्याबरोबर परत पाठवली. माझ्या घरात काय यायचे ते मी ठरवते. मात्र मर्म ठेवून घेतले: झिंग्याला आंबट हवे आणि गार हवे.

ते काम आमसूल करते. ताक चालले असते, पण मासळीवर दूध-दही नको असे आपल्याकडची जुनी माणसे मानतात. आठ आमसुले तीन पेले पाण्यात तासभर भिजवून कुस्करा. मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, साखर नावालाच. माठाच्या पाण्यात भांडे ठेवून गार करा. सासूबाईंनी दोन पेले घेतले.

झिंग्यांची टरफले फेकू नका. थोड्या तेलात लाल परतून, पाणी घालून पंधरा मिनिटे उकळा आणि गाळून घ्या. दुसऱ्या दिवशीच्या कालवणाला ते पाणी घाला. भाकरी दोन जास्तच थापाव्या लागतील.