दुबचेक: एका सहीनंतर दुसरी सही

आज आपण जाणार आहोत चेकोस्लोव्हाकियात. हा देश आता नकाशावर नाही. गोष्ट आहे अलेक्झांडर दुबचेकची.

आधी हा माणूस कोण, ते बघू. जन्म १९२१चा, स्लोव्हाकियातल्या उह्रोवेत्स गावातला. आईवडील पक्के कम्युनिस्ट. पोरगा लहान असतानाच ते सोव्हिएत संघात राहायला गेले, त्यामुळे दुबचेकचं बालपण तिकडेच गेलं. पुढे १९४४मध्ये नाझींविरुद्धच्या स्लोव्हाक उठावात तो लढला, जखमी झाला. त्याचा भाऊ त्यात मारला गेला. नंतर मॉस्कोत पक्षाचं शिक्षण. म्हणजे बघा, मॉस्कोला यापेक्षा घरचा माणूस कुठून मिळणार?

५ जानेवारी १९६८ला तो पक्षाचा प्रमुख झाला. अर्थव्यवस्था रखडलेली, लोक वैतागलेले. दुबचेकने काय केलं? वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप आधी सैल केली, जूनमध्ये कायद्यानेच उठवली. एप्रिलमध्ये पक्षाने सुधारणांचा कार्यक्रम जाहीर केला: बोलण्याचं स्वातंत्र्य, प्रवासाचं स्वातंत्र्य, कारखान्यांना जास्त मोकळीक. नाव पडलं ‘मानवी चेहऱ्याचा समाजवाद’. आणि हे सगळं पक्षातच राहून, हं! वॉर्सा करार सोडायची भाषा त्याने कधीच केली नाही. आपण मित्र आहोत, मॉस्को समजून घेईल, असं त्याला वाटत होतं.

मॉस्कोने समजून घेतलं नाही. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत, पोलिश, हंगेरियन आणि बल्गेरियन फौजा देशात घुसल्या. सकाळी सोव्हिएत सैनिकांनी दुबचेकला त्याच्या ऑफिसातूनच उचललं. रस्त्यावर लोक नि:शस्त्र उभे राहिले, रणगाड्यांवरच्या पोरांशी वाद घालत होते. शंभराहून जास्त माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत निषेधाचा ठराव आला, तेव्हा आपला भारत तटस्थ राहिला. तोही इतिहास आपल्याला माहीत असावा.

आता खरी गोष्ट सुरू होते. दुबचेक आणि त्याचे सहकारी मॉस्कोत होते. समोर एक कागद ठेवला गेला: सेन्सॉरशिप परत आणा, फौजा राहू द्या. सही नाही केली तर देशात रक्ताचा सडा पडेल, ही भीती. २६ ऑगस्टला त्यांनी सह्या केल्या. एकट्याने नकार दिला, फ्रांतिशेक क्रिगेल. दुसऱ्या दिवशी दुबचेक रेडिओवर बोलला. मध्येच आवाज अडकायचा, लांब शांतता पसरायची. देशाने ती शांतताही ऐकली.

पुढचे आठ महिने तो पदावर होता, पण एकेक गोष्ट हातातून सुटत गेली. जानेवारी १९६९मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने प्रागमध्ये स्वतःला पेटवून घेतलं. एप्रिलमध्ये दुबचेकच्या जागी गुस्ताव हुसाक आला. दुबचेकला संसदेचं अध्यक्षपद दिलं. तिथे ऑगस्टमध्ये त्याच्यासमोर आणखी एक कागद आला: निदर्शकांना सहज डांबता यावं, नोकरीवरून काढता यावं, असा हुकूम. त्याच्यावरही दुबचेकची सही आहे. पहिली सही माणसं वाचवायला होती. ही कुणाला वाचवायला होती?

मग तुर्कस्तानात राजदूत म्हणून रवानगी, १९७०मध्ये पक्षातून हकालपट्टी आणि पुढे ब्रातिस्लाव्हाला वनखात्यात नोकरी. मागे कायम पोलिसांची पाळत. पार वीस वर्षं.

नोव्हेंबर १९८९ला प्रागच्या चौकात तो हावेलसोबत गच्चीवर आला, तेव्हा लाखोंच्या गर्दीने त्याच्या नावाचा जयघोष केला. लोकांनी त्याला माफ केलं होतं. तो पुन्हा संसदेचा अध्यक्ष झाला. १९९२मध्ये कार अपघातानंतर तो गेला, आणि दोन महिन्यांत त्याचा देशही दोन तुकड्यांत विभागला गेला.

मला विचाराल तर दुबचेक भला माणूस होता, यात शंका नाही. पण त्याला हटवायची मॉस्कोला घाई नव्हती. त्याने सुरू केलेलं सगळं त्याच्याच हाताने बंद करून घेतलं, आणि मगच त्याला बाजूला केलं.

मॉस्कोतल्या त्या खोलीत तुम्ही असता, तर दुबचेक झाला असता की क्रिगेल? कमेंटमध्ये सांगा. भेटूया पुढच्या भागात!