आधी मोजणी, मग बांध

जुन्या बायोसच्या मशिनवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकून पाहायची हौस काही तरुण मंडळींना असते आणि मला त्याचा आनंदच वाटतो. पण मंडळी, सीडी आत सरकवण्याआधी डिस्कची जॉमेट्री तपासा. सिलिंडर, हेड, सेक्टर, हे तीन आकडे. आज मी एवढंच सांगणार आहे, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

शेतजमिनीचं बघा. सातबाऱ्यावर क्षेत्र एक असतं, जागेवर भरतं दुसरंच. म्हणून जाणता शेतकरी आधी मोजणी आणतो, मग बांध घालतो. डिस्कचं लेबल म्हणजे हा सातबारा. वीस जीबीची डिस्क घ्या नाहीतर चाळीसची, लेबलवर १६३८३ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर हेच सापडेल. सोळा हेडना आठ चकत्या लागतील, आत असतात एक-दोन. बायोस सांगतो तिसरंच: हेड २५५. जुन्या पद्धतीत त्याला सिलिंडरसाठी दहाच बिट मिळालेत, म्हणजे १०२४ सिलिंडर झाले की त्याची साखळी संपली. ही हद्द साधारण ८.४ जीबीवर येते.

आता पार्टिशन म्हणजे बांध. एक सिस्टिम १६ हेड धरून मोजते आणि दुसरी २५५ धरून, तर तोच बांध दोघींना वेगवेगळ्या जागी दिसणार. मग नांगर शेजारच्या रानात शिरला, तर दोष कुणाचा?

तेव्हा आधी बायोसच्या सेटअपमध्ये जा. डिस्कचा मोड नॉर्मल, लार्ज की एलबीए, ते कागदावर लिहा. मग लिनक्सच्या जुन्या एफडिस्कला, म्हणजे पार्टिशन करणाऱ्या प्रोग्रॅमला, यादी मागा. वीस जीबीच्या डिस्कला २५५ हेड, ६३ सेक्टर, २४३२ सिलिंडर असं काहीसं दिसेल. ते बायोसशी जुळलं तर पुढे जा. जुळलं नाही तर थांबा. हो, थांबा! आणि एकदा पार्टिशन केल्यावर मोडला हात लावू नका.

मशिन सुरू होताना पडद्यावर ‘लिलो’ची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमची, चार अक्षरं उमटायला हवीत. एल आणि आय, एवढी दोनच उमटून सगळं ठप्प झालं की मुलं डिस्क खराब झाली म्हणतात आणि सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करायला बसतात. अरे, डिस्क धडधाकट असते! बहुतेक वेळा मोजणीच जुळलेली नसते. पुन्हा इन्स्टॉल केलंत तरी आकडे तेच राहणार, मग वेगळं काय होईल? हद्दीचंही लक्षात ठेवा: विंडोजला पहिले दहा जीबी देऊन टाकले, तर लिनक्सचा बूटचा भाग १०२४ सिलिंडरच्या पलीकडे जातो. म्हणून बूटसाठी छोटं पार्टिशन त्या हद्दीच्या आत ठेवा. लिलोच्या नंतरच्या आवृत्त्यांत एलबीए-३२ची, म्हणजे त्या हद्दीपलीकडून बूट करण्याची, सोय आहे, पण बायोसनेही साथ द्यायला हवी. म्हणजे तपासणं आलंच.

दुसऱ्या मशिनवरची जुनी डिस्क आणून जोडायची, तर प्रश्न आणखी वाढतो. तिथला मोड निराळा असू शकतो. निदान तो मोड लिहून घेतल्याशिवाय डिस्क तिथून काढू नका.