मिरजेच्या गाडीपासून दिल्लीच्या वृंदगानापर्यंत



बेळगावहून मिरजेची पॅसेंजर धरली की थोड्याच वेळात सुळेभावीचं स्टेशन येतं. ८ एप्रिल १९२४ रोजी या गावात शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी जन्मले, म्हणजे आपले कुमार गंधर्व. तीच गाडी शेवटपर्यंत धरून मिरजेला उतरलं की कुरुंदवाड जवळच. तिथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. दिल्लीत गेली कित्येक दशकं रागसंगीत समूहाने गाणारी एक मंडळी आहे, गंधर्व क्वायर. तिच्या गाण्याची मुळं या दोन गावांपर्यंत पोचतात, आणि आपल्याच भागात ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून आज ती सांगायला उभा आहे.

लहानपणी फटाक्याने पलुस्करांचे डोळे अधू झाले. मग मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम. १८९६ मध्ये ते मिरज सोडून बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. ते चालवायचं होतं तिकीट लावलेल्या जलशांवर आणि लोकांच्या मदतीवर. गुरूच्या घरी पाणी भरत, मर्जी सांभाळत एकट्याने शिकायची विद्या आता वर्गात आली. वर्ग म्हटला की अभ्यासक्रम आला, स्वरलिपी आली, छापील पुस्तकं आली. वीस जणांनी एका वेळी तीच बंदीश, तीच सम, तोच मुखडा म्हणायचा. यावर टीका झाली, अजूनही होते, की वर्गातून गवई तयार होत नाहीत. टीका खरी आहे. पण वीस गळे एका सुरात लावण्याची सवय आपल्या रागसंगीताला लागली ती याच वर्गांत, आणि माझ्या मते ही कमाई लहान नाही.

पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात गेले. आश्रमाची भजनावली त्यांनी सिद्ध केली, प्रार्थनेला रागांचे सूर दिले, आणि १९३० साली दांडीयात्रेच्या तुकडीतही ते चालले. दुसरे शिष्य मिरजेचेच, विनायकबुवा पटवर्धन. बालगंधर्वांच्या कंपनीत रंगभूमी गाजवून झाल्यावर १९३२ मध्ये त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय उभं केलं. त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत त्याच नावाची संस्था सुरू केली. विनयचंद्रांचं नाव ठाऊक नसेल, पण त्यांचं गाणं तुमच्या ओठांवर आहे. विजया मुळे यांच्या १९७४ च्या ‘एक अनेक और एकता’ या चित्रपटातलं, दूरदर्शनमुळे घराघरात पोचलेलं ते मुलांचं गीत त्यांनीच लिहिलं. त्याला चाल दिली आपल्या कोकणच्या वसंत देसाईंनी. या दिल्लीच्या संस्थेतूनच गंधर्व क्वायर उभी राहिली, आणि विनयचंद्रांचे चिरंजीव मधुप मुद्गल तिचे सूत्रधार झाले.

आता समूहाने राग गाणं अवघड का, ते पाहू. भजनी मंडळात अभंग सगळे मिळून म्हणतात, तिथे काही अडत नाही. मग ख्यालात काय अडतं? पहिली अडचण पट्टीची. पुरुष साधारण काळी एकमध्ये गातात, बायका काळी चार किंवा पाचमध्ये. सगळ्यांना काळी एक दिली तर बायकांचं तार सप्तक फार चढं होतं. काळी चार दिली तर पुरुषांना एक तर खर्जात घुसमटावं लागतं, नाही तर वर ओरडावं लागतं. म्हणून मधली पट्टी शोधायची आणि बंदीश अशी निवडायची की तिचा विस्तार दोघांच्याही गळ्यात मावेल. दुसरी अडचण मींडेची. एकटा गवई गंधारावरून षड्जावर हवा तितका वेळ घेऊन घसरतो. वीस जणांना तेवढाच वेळ, त्याच वाटेने, एकाच ठिकाणी पोचायचं असतं. एकाचा गंधार केसभर चढा राहिला तरी तंबोऱ्यापुढे सगळा समूह बेसूर वाटतो. आणि उपज? ती आधी ठरवावी लागते. हे दिग्दर्शकाचं काम, आणि त्याला राग पुरता कळलेला लागतो.

म्हणूनच मधुपजींच्या शिक्षणाकडे मी पुनःपुन्हा वळतो. ते कुमारजींचे शिष्य. कुमारजींइतकं स्वतंत्र, दुसऱ्या कुणाच्याही गळ्यात न बसणारं गाणं त्या काळात क्वचितच होतं. त्यांना घडवलं मुंबईच्या देवधर मास्तरांनी, तेही मिरजेचे आणि पलुस्करांचेच शिष्य. क्षयाने फुप्फुस निकामी झाल्यावर देवासला वर्षानुवर्षं गाणं बंद ठेवून कुमारजी माळव्याची लोकगीतं ऐकत पडले होते. बायकांच्या घोळक्याने म्हटलेल्या त्या गाण्यांतून त्यांनी धुनउगम राग काढले. म्हणजे एकट्याचं गाणं समूहाच्या गाण्यातून निघालं, आणि पुढे त्यांच्या शिष्याने रागाला परत समूहाकडे नेलं. मला हा प्रवास फार अर्थपूर्ण वाटतो.

आपल्याकडे दरवर्षी गांधर्व मंडळाच्या परीक्षांना मुलंमुली बसतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा करत काही विशारदपर्यंत जातात. मग लग्न, नोकरी, बदली, आणि पेटी कपाटावर. एकट्याने मैफल करण्याइतका गळा आणि वेळ शंभरात एखाद्याकडे असतो, बाकीच्यांना गायला जागाच नाही. कानडी आणि मराठी दोन्ही घरांतली ही मंडळी आहेत आणि बंदिशी दोघांनीही त्याच ब्रज बोलीत पाठ केल्या आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक तंबोरा, एक तबला आणि मधली पट्टी जमवून देणारा एक जाणकार, एवढ्यावर बेळगावात सुरुवात होऊ शकते. भूपातली एखादी मध्यलयीतली बंदीश आधी घ्यावी. पाचच स्वर, सगळ्यांच्या माहितीचे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना यायचं आहे त्यांनी दाराशी ठेवलेल्या वहीत नाव आणि आपली पट्टी लिहून जावी.